मॅड्स मिकेलसनचे सहा चित्रपट क्लबहाउसमध्ये दाखवायचे आहेत: कोणते, कोणत्या क्रमाने, आणि काय सांभाळायचं?

पातलीपाडा_पडदा (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या आमच्या गृहसंकुलात दर महिन्याच्या एका शनिवारी संध्याकाळी चित्रपट, असे सहा महिने एकाच नटाचे सहा चित्रपट दाखवायचा बेत आहे. नट ठरला आहे, डेन्मार्कचा मॅड्स मिकेलसन. खुर्च्या साठ. प्रेक्षकांत कॉलेजची मुलं आहेत आणि सत्तरीचे आजी-आजोबाही. बहुतेकांना तो 'कॅसिनो रोयाल'मधला, डोळ्यातून रक्त येणारा खलनायक म्हणून माहीत आहे. तरुण मंडळी त्याला 'हॅनिबल' मालिकेमुळे किंवा 'डेथ स्ट्रँडिंग' या गेममुळे ओळखतात. डॅनिश चित्रपट मात्र जवळजवळ कुणीच पाहिलेले नाहीत.

कालक्रमाने कच्ची यादी अशी: 'पुशर' (१९९६), 'कॅसिनो रोयाल' (२००६), 'वलहल्ला रायझिंग' (२००९), 'द हंट' (२०१२), 'डॉक्टर स्ट्रेंज' (२०१६), 'अनदर राउंड' (२०२०).

विचारायचं असं:
१. डॅनिश आणि बाहेरच्या चित्रपटांचं प्रमाण बरोबर आहे का?
२. कालक्रम ठेवावा की वेगळा काही क्रम लावावा?
३. डॅनिश चित्रपटांना इंग्रजी सबटायटल लागतील. प्रोजेक्टर आणि साउंड क्लबहाउसचाच आहे. काय काय बिघडू शकतं?
४. परवानगीचं काय? तिकीट लावणार नाही.

---

नेरूळ_रीळ (नवी मुंबई)

बेत छान आहे. यादीतली तीन नावं मात्र बदला असं सुचवेन.

'पुशर' हा दिग्दर्शक निकोलस विंडिंग रेफ्नचा पहिला चित्रपट, आणि मिकेलसनचाही पहिला मोठा चित्रपट. पण त्याचा नायक किम बोडनिया आहे. मिकेलसनचा टोनी अर्ध्यावर बेसबॉलच्या बॅटने मार खातो आणि कथेतून जवळजवळ निघूनच जातो. ज्याच्यासाठी माणसं जमली तोच पहिल्या शनिवारी मध्यंतरानंतर दिसणार नाही. टोनी दाखवायचाच असेल तर 'पुशर २' (२००४) घ्या. तिथे तो नायक आहे. तुरुंगातून सुटलेला, डोक्याच्या मागच्या बाजूला 'रिस्पेक्ट' असं गोंदवलेला, आणि बापापासून मित्रांपर्यंत कुणीच ज्याला किंमत देत नाही असा माणूस. या कामासाठी त्याला बोडिल आणि रॉबर्ट हे डेन्मार्कचे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. पण त्यात नशापाणी, शिवीगाळ आणि सुरुवातीलाच वेश्यागृहातलं दृश्य आहे. तुमच्या मिश्र प्रेक्षकांसमोर तो चालणार नाही, म्हणून मी तोही टाळेन.

'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये त्याला करायला फारसं काही नाही. डोळ्यांभोवतीचा मेकअप लक्षात राहतो, माणूस राहत नाही. त्याच वर्षी आलेल्या 'रोग वन'मधलं त्याचं गॅलन अर्सोचं काम लहान असूनही जास्त भरीव आहे, पण त्या चित्रपटाला स्टार वॉर्सची पार्श्वभूमी लागते.

'वलहल्ला रायझिंग' मला स्वतःला फार मोलाचा वाटतो. दीड तासात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही आणि तरी नजर त्याच्यावरून हटत नाही. पण धुकं, चिखल, शांतता आणि मधेच भयंकर हिंसा, हे सगळं क्लबहाउसमध्ये बसून पाहणं कठीण आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत लोक टिकायला हवे असतील तर हा नको.

आता क्रम. नुसता कालक्रम लावला की 'डेन्मार्कमध्ये सुरुवात केली, मग हॉलिवूडला गेला' अशी समजूत होते, आणि या नटाच्या बाबतीत ती सरळ चुकीची आहे. तो गेलाच नाही. सतत ये-जा करत राहिला. वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा:

२००४: 'किंग आर्थर'मध्ये ससाणा बाळगणारा ट्रिस्टन, मोजकी वाक्यं. त्याच वर्षी घरी 'पुशर २'.

२००६: 'कॅसिनो रोयाल'चा ल शीफ्र. त्याच वर्षी डॅनिश दिग्दर्शिका सुझान बियरचा 'आफ्टर द वेडिंग', ज्याला ऑस्करचं परभाषा-चित्रपटाचं नामांकन मिळालं.

२०१२-१३: 'अ रॉयल अफेअर' आणि 'द हंट'. दुसऱ्यासाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर 'हॅनिबल' सुरू.

२०२३: मे महिन्यात कानमध्ये 'इंडियाना जोन्स'चा पाचवा भाग, त्यात तो नाझी शास्त्रज्ञ. सप्टेंबरात व्हेनिसमध्ये 'द प्रॉमिस्ड लँड', त्यात अठराव्या शतकातल्या डेन्मार्कमधल्या जटलंडच्या माळरानावर बटाटा रुजवू पाहणारा कॅप्टन. या दुसऱ्या कामाबद्दल युरोपियन फिल्म अवॉर्ड.

या ये-जा करण्यामागचं कारण साधं आहे. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे जिल्हाच एक कोटी दहा लाखांचा होता, यावरून ती बाजारपेठ केवढी असेल याचा अंदाज करा. वर्षाला वीस-तीस कथापट निघतात, त्यातले बरेचसे डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सरकारी अनुदानावर, आणि डीआर व टीव्ही २ या वाहिन्यांनाही चित्रपटांत पैसे घालावे लागतात. त्यामुळे नायक दारूच्या प्रयोगात अडकलेला शिक्षक असो की गावाने वाळीत टाकलेला बालवाडीतला मदतनीस, असे विषय तिथे उभे राहतात. पण वर्षभर एकाच नटाला पोसेल एवढं काम तिथे नाही. बाहेर त्याच्या उच्चारामुळे आणि चेहऱ्याच्या ठेवणीमुळे बहुतेक वेळा खलनायकच वाट्याला येतो. पण खलनायकाला नायकाएवढे दिवस सेटवर थांबावं लागत नाही. काम आटोपून घरच्या चित्रपटाला मोकळा. बाहेरच्या कामातून नाव आणि पैसा, घरच्या कामातून भूमिका, अशी ही घडी आहे, आणि ती वीस वर्षं टिकली आहे.

आपल्याकडे हे चित्र अनोळखी नाही. सदाशिव अमरापूरकरांना 'अर्ध सत्य' आणि 'सडक'मधला खलनायक म्हणून देशभर ओळख मिळाली, आणि मराठी रंगभूमीशी त्यांची नाळ आधीपासूनची होती. पहिल्या शनिवारी एवढं सांगितलंत तरी आजी-आजोबांना मिकेलसन चटकन कळेल.

म्हणून माझी सूचना जोड्यांची. तीन जोड्या, प्रत्येक जोडीत एक बाहेरचा, एक घरचा. पहिली जोडी २००६ चीच ठेवा. 'आफ्टर द वेडिंग'ची सुरुवात मुंबईत होते. मिकेलसनचा याकोब तिथे अनाथाश्रम चालवतो आणि देणगी मिळवायला कोपनहेगनला जातो. पुढचं आधी सांगू नका, वर्णनातही लिहू नका. चित्रपटाची सगळी ताकद त्या लग्नसमारंभात जे उघड होतं त्यात आहे.

---

कळवा_चौकट (ठाणे)

नेरूळकरांच्या मांडणीतला मुद्दा पटतो, पण तीन जोड्या म्हणजे सहापैकी तीन शनिवार बाहेरच्या चित्रपटांना. ते फार होतात. 'इंडियाना जोन्स'चा पाचवा भाग अडीच तासांहून मोठा, आणि त्यात मिकेलसन बघायला मिळतो त्याहून हॅरिसन फोर्ड जास्त. बाहेरचा एकच ठेवा, 'कॅसिनो रोयाल'. त्यात पत्त्यांच्या टेबलावरच्या प्रसंगांत तो बसल्या जागेवरून, बोटं आणि पापण्या एवढ्यांवर काम करतो. दम्याचा इनहेलर ओढण्याची लकब बघा. हा माणूस सतत घाबरलेला आहे, कारण तो दुसऱ्यांचे पैसे हरला आहे. बाँडपटातले खलनायक सहसा जग जिंकायला निघतात. याला फक्त जीव वाचवायचा आहे. म्हणूनच तो प्रत्येक डाव जिवाच्या आकांताने खेळतो.

माझ्या मते क्रम लेखक-दिग्दर्शकांवरून लावावा. या नटाची कारकीर्द खरं तर मोजक्या माणसांनी घडवली आहे.

अँडर्स थॉमस येन्सन हे नाव आधी घ्यायला हवं. त्याने दिग्दर्शित केलेले सगळे कथापट मोजा: 'फ्लिकरिंग लाइट्स' (२०००), 'द ग्रीन बुचर्स' (२००३), 'ॲडम्स ॲपल्स' (२००५), 'मेन अँड चिकन' (२०१५), 'रायडर्स ऑफ जस्टिस' (२०२०), 'द लास्ट वायकिंग' (२०२५). सहाच्या सहा चित्रपटांत मिकेलसन आहे, आणि सहाही चित्रपटांत निकोलाय ली कास हा नटही. शिवाय सुझान बियरच्या 'ओपन हार्ट्स' (२००२) आणि 'आफ्टर द वेडिंग'ची पटकथा येन्सनचीच, आणि 'द प्रॉमिस्ड लँड'च्या पटकथेतही दिग्दर्शक निकोलाय आर्सेलबरोबर तो आहेच. एका लेखकाने एका नटासाठी पंचवीस वर्षं लिहीत राहावं, हे युरोपातही वारंवार घडत नाही.

येन्सनचा मिकेलसन बाहेरच्या जगाला ठाऊकच नाही, कारण तो विनोदी आहे. विचित्र केशरचना, भलत्या मिशा, ओशाळवाणं हसू. 'ॲडम्स ॲपल्स'मध्ये तो इव्हान नावाचा खेड्यातला पाद्री आहे. त्याला जगात वाईट म्हणून काही दिसतच नाही. उलरिक थॉमसनचा निओ-नाझी ॲडम शिक्षेचा भाग म्हणून त्याच्याकडे येतो आणि चर्चच्या आवारातल्या झाडाच्या सफरचंदांचा केक करायचं कबूल करतो. मग त्या झाडावर आधी कावळे, मग अळ्या, मग वीज. इव्हानचा हट्टी भाबडेपणा हळूहळू भीतिदायक वाटायला लागतो आणि शेवटी त्याचीच माया वाटते. लांबी दीड तास. तुमच्या यादीत विनोदी एकही नाही. हा घ्याच. फक्त शिव्या आणि वंशद्वेषी बोलणं आहे, त्याची कल्पना सूचनाफलकावर आधी द्या.

दुसरी जोडी दिग्दर्शक थॉमस विंटरबर्ग आणि पटकथाकार टोबियास लिंडहोम यांची. विंटरबर्गने लार्स फॉन ट्रायरबरोबर १९९५ मध्ये डॉग्मे चळवळीचा जाहीरनामा काढला. चित्रीकरण प्रत्यक्ष जागेवर, कॅमेरा हातात, वेगळे दिवे नाहीत, आवाज त्याच वेळी टिपलेला. 'द हंट' आणि 'अनदर राउंड' हे डॉग्मेचे चित्रपट नाहीत, पण नटावर विसंबून राहायची ती शिस्त त्यांत उतरली आहे. हे दोन लागोपाठच्या महिन्यांत ठेवा. दोन्हींत तो शाळेशी जोडलेला साधा माणूस आहे. 'द हंट'मध्ये शाळा बंद पडल्यावर बालवाडीत काम करणारा लुकास, 'अनदर राउंड'मध्ये वर्गाने कंटाळून सोडून दिलेला इतिहासाचा शिक्षक मार्टिन. एकात गाव त्याच्या अंगावर येतं, दुसऱ्यात तो स्वतःच स्वतःला घसरू देतो.

'द हंट'बद्दल एक खबरदारी. लहान मुलीच्या बोलण्यावरून आलेला लैंगिक अत्याचाराचा खोटा आरोप, हा विषय आहे. लुकास निर्दोष आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असतं, म्हणून तो रहस्यपट असल्यासारखी ओळख करून देऊ नका. सगळं लक्ष सुपरमार्केटच्या आणि नाताळच्या चर्चमधल्या प्रसंगांकडे असू द्या. चर्चमध्ये तो बालमित्राकडे वळून वळून पाहतो, तेव्हा राग, अपमान आणि 'तू तरी ओळख मला' असं काहीतरी एकाच चेहऱ्यावर येतं. कानचा पुरस्कार या एका प्रसंगावर दिला असता तरी चाललं असतं.

---

सीवूड्स_सबटायटल (नवी मुंबई)

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाबद्दल.

परवानगी आधी, कारण वेळ तिथेच लागतो. तिकीट नसलं तरी घराबाहेर जमलेल्या लोकांना चित्रपट दाखवणं हे हक्कधारकाच्या परवानगीचंच काम आहे. ओटीटीचं वैयक्तिक खातं घरापुरतं असतं, क्लबहाउसमधला पडदा त्यात बसत नाही. विकत घेतलेली डिस्कही तशीच. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना बिनपैशाच्या प्रयोगाची जी सवलत आहे ती नाटक, साहित्य, संगीत यांच्यासाठी आहे. ती चित्रपटाला लावून घेऊ नका. शिवाय सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं आणि यातले बरेच डॅनिश चित्रपट भारतात त्या वाटेने आलेले नसतील. सोपा मार्ग म्हणजे फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न असलेल्या एखाद्या फिल्म सोसायटीला बरोबर घेणं. सभासदांपुरत्या खेळांची त्यांची पद्धत बसलेली असते. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून हे करत आलं आहे.

हक्कांसाठी 'द हंट' आणि 'अनदर राउंड' या दोन्हींबद्दल ट्रस्टनॉर्डिस्क या विक्री-संस्थेला लिहा, म्हणजे भारतातले हक्क कुणाकडे आहेत ते कळेल. डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटलाही एक प्रत पाठवा. मेलमध्ये हे सगळं एकदमच द्या: चित्रपटाचं नाव आणि वर्ष, तारीख, खेळ एकच, जागा साठ, प्रवेश मोफत, आयोजक कोण, कोणत्या स्वरूपात हवा आणि सबटायटल कोणत्या भाषेत. अर्धवट माहिती दिली की उत्तरादाखल प्रश्नच येतात आणि दोन-तीन आठवडे जातात. पहिल्या शनिवारच्या दोन महिने आधी सुरुवात करा.

डिस्क मागवणार असाल तर पाकिटाची मागची बाजू नीट वाचा. डेन्मार्कमध्ये निघालेल्या डिस्कवर बऱ्याचदा डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, फिनिश एवढीच सबटायटल असतात. इंग्रजी नसतात. ब्रिटनमधली आवृत्ती घ्या. पण ब्रिटनची ब्ल्यू-रे विभाग 'बी'ची आणि भारत विभाग 'सी'मध्ये, त्यामुळे साध्या प्लेअरवर ती चालेलच असं नाही. डीव्हीडीचंही तेच, युरोप २ आणि भारत ५. सर्व विभाग वाचणारा प्लेअर हवा, आणि त्यावर तीच डिस्क आधी लावून बघायला हवी.

सबटायटलची वेगळी फाईल मिळाली असेल तर सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. युरोपातल्या डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटींच्या, ब्ल्यू-रे आणि डिजिटल प्रती बहुधा २३.९७६ किंवा २४ च्या. २५ साठी बनवलेली फाईल २३.९७६ च्या प्रतीला लावली की पहिल्या अर्ध्या मिनिटात फरक फारसा जाणवत नाही, मध्यंतरापर्यंत ओळी दोन मिनिटं आधी यायला लागतात. 'द हंट' पावणेदोन तासांहून थोडा मोठा आहे, शेवटी फरक साडेचार मिनिटांच्या वर जातो. व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डवरची जी आणि एच ही बटणं दाबून सबटायटल मागेपुढे करता येतात, पण ते सगळ्या ओळी सारख्याच सरकवतं. वाढत जाणारा फरक त्याने जात नाही. 'सबटायटल एडिट' हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात फ्रेम रेट (सेकंदाला चौकटी) २५ वरून २३.९७६ करा आणि फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवा. मग सुरुवात, मध्य आणि शेवटची दहा मिनिटं अशा तीन जागा तपासा. फक्त सुरुवात तपासून समाधान मानू नका.

२५ च्या प्रतीचा आणखी एक तोटा म्हणजे चित्रपट चार टक्के वेगाने धावतो आणि दुरुस्ती केलेली नसेल तर आवाजही वर चढतो. मिकेलसनचं अर्धं काम त्या खर्जातल्या, घोगऱ्या आवाजात आहे. निवड करता येत असेल तर २४ चीच प्रत घ्या.

'आफ्टर द वेडिंग'मध्ये डॅनिशशिवाय इतर भाषाही बोलल्या जातात. सबटायटलच्या दोन पट्ट्या दिसल्या तर 'फोर्स्ड' लिहिलेली घेऊ नका. ती फक्त निवडक ओळींची असते. पूर्ण पट्टी निवडा.

पडदा आणि प्रकाश. १२० इंची पडद्याला पूर्ण अंधारात दीड-दोन हजार ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर पुरतो. क्लबहाउसच्या काचेच्या दारांतून पार्किंगचे दिवे येत असतील तर तीन हजार लागतील, आणि तरीही काळा रंग राखाडी दिसेल. म्हणून आधी काळे पडदे, मग ल्यूमेनची चर्चा. 'द प्रॉमिस्ड लँड'मध्ये मेणबत्तीच्या उजेडातली दृश्यं बरीच आहेत. तिथे ब्राइटनेस वाढवू नका, गॅमा (अंधाऱ्या भागांचा उजळपणा ठरवणारी सेटिंग) थोडा कमी करा. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी, नाहीतर तिसऱ्या ओळीपासून मागे बसलेल्यांना सबटायटल डोक्यांआड जातात. पडदा उचलता येत नसेल तर प्लेअरमध्ये सबटायटल वर सरकवा.

आवाज. ५.१ ची, म्हणजे सहा चॅनलची, पट्टी दोन स्पीकरवर लावली की संवाद बुडतात आणि पार्श्वसंगीत अंगावर येतं. स्टिरिओ पट्टी असेल तर ती निवडा. नसेल तर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा प्लेअरमध्ये मधल्या चॅनलची पातळी तीन-चार डेसिबलने वाढवा. दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम आहे, म्हणून सुरुवात सातला. 'कॅसिनो रोयाल' जवळजवळ अडीच तासांचा. मध्यंतर दहा मिनिटांचं धरा, आणि त्या दिवशी चर्चा ठेवू नका.

---

पातलीपाडा_पडदा (ठाणे पश्चिम)

तिघांचेही आभार. यादी अशी फिरवली आहे:

'आफ्टर द वेडिंग', 'कॅसिनो रोयाल', 'ॲडम्स ॲपल्स', 'द हंट', 'अनदर राउंड', 'द प्रॉमिस्ड लँड'.

पहिले दोन २००६ ची जोडी म्हणून, चौथा-पाचवा विंटरबर्गची जोडी म्हणून. 'अ रॉयल अफेअर' सोडताना जड जातं आहे. तो 'प्रॉमिस्ड लँड'च्या जागी घ्यावा का? दोन्ही आर्सेलचेच, दोन्ही अठराव्या शतकातले. आणि 'हॅनिबल'चा एखादा भाग दाखवावा अशी मुलांची मागणी आहे. शिवाय दर वेळी सुरुवातीला पाच मिनिटं बोलायचं आहे, त्यात काय सांगावं?

---

नेरूळ_रीळ (नवी मुंबई)

यादी उत्तम झाली. 'प्रॉमिस्ड लँड'च ठेवा.

'अ रॉयल अफेअर' सुंदर आहे, पण त्यात मिकेलसन तिघांतला एक आहे. तो राजवैद्य स्ट्रुएन्झे, ॲलिशिया विकांडर राणी, आणि मनोरुग्ण राजा सातवा ख्रिश्चन म्हणजे मिकेल फॉल्सगार्ड, ज्याला बर्लिनमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. विकांडर स्वीडनची, या भूमिकेसाठी डॅनिश शिकली. चित्रपट त्या तिघांचा आहे. 'प्रॉमिस्ड लँड' मात्र मिकेलसनच्या खांद्यावर उभा आहे. दोन चित्रपटांच्या मधे आर्सेल हॉलिवूडला जाऊन 'द डार्क टॉवर' (२०१७) करून आला, तो चालला नाही, आणि परत येऊन त्याने हा केला. नटाप्रमाणे दिग्दर्शकाचीही ही ये-जा शेवटच्या शनिवारी सांगण्यासारखी आहे.

कॅप्टन लुडविग कालेन हा माणूस ताठ आहे. पाठीचा कणा, मान, जबडा, सगळं आवळलेलं. त्याला जमीन कसायची आहे आणि बदल्यात सरदारकी हवी आहे. जमीनदाराने छळ मांडला तरी तो आवाज चढवत नाही. कुठे आणि कुणासाठी ते शरीर पहिल्यांदा सैल पडतं ते प्रेक्षकांनी स्वतः शोधावं. शेतीचा तपशीलही नीट आहे. रेताड जमीन, माती नमुन्यासाठी खणणं, बटाट्याला पडलेलं दहिवर आणि रात्रभर पेटवलेल्या शेकोट्या. जुन्नर-मंचर भागाशी नातं असलेल्या आजोबांना हे सगळं आपलंच वाटेल.

'हॅनिबल'चा भाग दाखवू नका. तीन पर्वांचे ३९ भाग, आणि मिकेलसनचं काम त्यात हळूहळू साठत जातं. पहिल्या भागात तो मुद्दाम मागे ठेवलेला आहे, एकट्या त्या भागाने मुलांचीच निराशा होईल. शिवाय प्रेतांची मांडणी इतकी उघड आहे की मिश्र प्रेक्षकांत ती नकोच. मुलांना हवं असेल तर त्यांनी ती मालिका आपापल्या घरी बघावी आणि 'द हंट'च्या दिवशी दोन्ही कामांबद्दल बोलावं. 'द हंट'चा लुकास आणि 'हॅनिबल'मधला डॉ. लेक्टर यांच्यात जेमतेम वर्षाचं अंतर आहे. एकाचा चेहरा काहीच लपवू शकत नाही, दुसऱ्याचा काहीच दाखवत नाही.

पाच मिनिटांच्या ओळखीत चरित्र वाचून दाखवू नका. प्रत्येक वेळी एकच धागा द्या.

पहिल्या वेळी सांगा की हा कोपनहेगनचा, १९६५ चा जन्म, आधी जिम्नॅस्ट, मग बरीच वर्षं व्यावसायिक नर्तक. आरहूसच्या नाट्यशाळेतून बाहेर पडला तो १९९६ मध्ये, तिशी गाठून. ज्या वयात बाकीचे नट प्रस्थापित होतात त्या वयात याची सुरुवात. दुसऱ्या वेळी त्याने आणखी कोणत्या भाषांत कामं केली ते सांगा. 'कोको शनेल अँड इगोर स्ट्राविन्स्की'मध्ये (२००९) फ्रेंच आणि रशियन, 'मिखाएल कोलहास'मध्ये (२०१३) फ्रेंच. तिसऱ्या वेळी येन्सन आणि ली कास.

चौथ्या वेळी काही बोलूच नका, फक्त विषयाची सूचना द्या आणि बोलणं चित्रपटानंतर ठेवा. वीस मिनिटं लागतील, जास्तही लागतील. शेवटच्या प्रसंगाबद्दल वाद होईल, तो होऊ द्या.

पाचव्या वेळी जपून बोला. 'अनदर राउंड'चं चित्रीकरण सुरू झाल्या-झाल्या विंटरबर्गची मुलगी इडा अपघातात गेली. चित्रपटातली शाळा तिची, वर्गातली काही मुलं तिच्या वर्गातली, आणि चित्रपट तिलाच अर्पण केलेला आहे. हे आधी सांगावं. कारण रक्तातल्या अल्कोहोलची पातळी ०.०५ टक्के ठेवायचा चार शिक्षकांचा प्रयोग ऐकल्यावर लोक हा हलकाफुलका पिण्याचा चित्रपट समजून बसतात. प्रत्यक्षात त्यात एकाचा संसार मोडतो आणि एकाचा जीव जातो, हे मात्र आधी सांगू नका. मार्टिन पूर्वी जॅझ बॅले करायचा असा उल्लेख सुरुवातीला मित्रांच्या बोलण्यात येऊन जातो, सबटायटल वाचणाऱ्यांच्या नजरेतून तो निसटतो. तेवढ्याकडे लक्ष द्यायला सांगा. शेवटी बंदरावर तो नाचतो तेव्हा ते शरीर खरोखरच नर्तकाचं आहे हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

---

कळवा_चौकट (ठाणे)

एक भर. 'अनदर राउंड'च्या दिवशी सूचनाफलकावर दारूचा विषय स्पष्ट लिहा आणि शाळकरी मुलांना कितव्या वर्षापासून यायचं ते समितीकडून आधी ठरवून घ्या. चित्रपटात विद्यार्थीही पितात. हे दारात उभं राहून ठरवायला गेलात तर सातचा खेळ साडेसातला सुरू होईल.

आणि 'ॲडम्स ॲपल्स'च्या दिवशी मध्यंतर ठेवू नका. दीड तासाचा चित्रपट आहे, विनोदाची लय तुटली की पुन्हा जुळत नाही. चहा आधी द्या.

---

सीवूड्स_सबटायटल (नवी मुंबई)

ठरलेल्या यादीत 'कॅसिनो रोयाल'चे हक्क वेगळ्या, मोठ्या स्टुडिओकडचे आहेत, त्याचा अर्ज बाकी पाचांपासून सुटा करा आणि सगळ्यात आधी पाठवा. तो वेळेत आला नाही तर दुसऱ्या शनिवारी 'ॲडम्स ॲपल्स' पुढे ओढा आणि बाँडपट तिसऱ्या महिन्यात घ्या. विंटरबर्गची जोडी मात्र फोडू नका.